भिजवून वाटलेले काजू

बदलीसाहेबांनी त्या शनिवारी सूप करायचं ठरवलं, यात त्यांचा काही दोष नव्हता. दोष असलाच तर वहिनींच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, उजव्या हाताचा होता आणि तो हात प्लास्टरमध्ये होता. (न्हाणीघरातल्या ओल्या फरशीचाही थोडा होता, पण तिची चौकशी कोण करणार?)

बदलीसाहेब म्हणजे काही साहेब नव्हेत. एका मोठ्या कार्यालयात ते हेडक्लार्क होते आणि सत्तावीस वर्षं एकच काम करत होते. बदल्यांचे आदेश काढायचे. अमक्याची तमक्याच्या जागी बदली. अमक्याला आजच कार्यमुक्त करावे, तमक्याने उद्या रुजू व्हावे. त्यामुळे कार्यालयाने त्यांना हे नाव दिलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. गंमत म्हणजे सत्तावीस वर्षांत त्यांची स्वतःची बदली एकदाही झाली नव्हती. टेबल तेच, खुर्ची तीच आणि खुर्चीवरची चपटी उशीसुद्धा तीच.

माणसं कुठेही हलवता येतात, असं त्यांचं अनुभवाचं मत होतं. पण काही गोष्टींना पर्याय नसतो, असंही होतं. त्या यादीत लोणी पहिलं. रोज सकाळी ते काचेच्या डबीतून चमचाभर लोणी काढत, भाजलेल्या पावावर कडेपर्यंत पसरत, पहिला घास घेऊन डोळे मिटत आणि म्हणत, "याला म्हणतात लोणी!" वहिनी यावर काही बोलत नसत. लग्नाला तीस वर्षं झाली की माणूस ऐकायचं काय आणि सोडायचं काय हे शिकतो.

लोण्यावरूनच वर्षापूर्वी घरात ठिणगी पडली होती. त्यांची एकुलती एक लेक जनावरांची डॉक्टर. दुसऱ्या गावी नोकरी करायची. सुट्टीला आली आणि जेवताना म्हणाली, "आई, मी दूध-लोणी सगळं सोडलंय." तिने कारणंही सांगितली. गोठ्यात रोज काय बघते ते सांगितलं. बदलीसाहेबांनी ऐकून घ्यायला हवं होतं. निदान तोंडात घास होता तोवर गप्प बसायला हवं होतं. पण ते म्हणाले, "जनावरांची डॉक्टर झालीस म्हणून जनावरांचं खायलाच हवं असं नाही. माझ्या घरात चारा शिजणार नाही."

लेक अर्ध्या ताटावरून उठली, बॅग भरली आणि संध्याकाळच्या बसने गेली. त्यानंतर वर्षभर तिचा फोन फक्त आईला. बदलीसाहेबांनी उचलला तर "आई आहे?" एवढे दोनच शब्द. त्यांनाही फार वाटायचं की एकदा म्हणावं, बाई गं, माझं चुकलं. पण हा शब्द त्यांच्या हाताखालून कधी गेलाच नव्हता. सरकारी कागदावर माणूस चुकत नाही. फार तर 'नजरचूक' होते आणि तीही टंकलेखकाची. त्यामुळे ते रोज जेवायला बसत, समोरच्या तिसऱ्या खुर्चीकडे बघत आणि मीठ मागत.

अशात वहिनी घसरल्या आणि लेकीचा फोन आला. शनिवारी येते, आईला बघते, जेवून संध्याकाळच्या बसने परत.

"तिला मी लहानपणीचं बटाट्याचं सूप करून घालणार होते," वहिनी प्लास्टरकडे बघत म्हणाल्या. "आजारी पडली, पेपर अवघड गेला, मैत्रिणीशी भांडली, की तेच लागायचं तिला. आता तिला चालेल असं करता येतं. दूध, लोणी, साय, सगळ्याला काही ना काही आहे. पण करणार कोण? बाहेरून मागवू काहीतरी."

"मी करतो," बदलीसाहेब म्हणाले.

वहिनींनी प्लास्टर हाताला आहे की कानाला, हे एकदा चाचपून पाहिलं. कारण या गृहस्थाने तीस वर्षांत स्वयंपाकघरात पाणी पिण्यापलीकडे काही केलं नव्हतं, आणि पाण्याचा पेलासुद्धा तिथेच ठेवला होता.

"तुम्ही?"

"त्यात काय आहे? बदल्याच तर आहेत. तू सांग, मी लिहून घेतो."

शुक्रवारी संध्याकाळी वहिनी सांगत गेल्या आणि बदलीसाहेब लिहीत गेले. अर्थात, वहिनींच्या भाषेत लिहितील तर ते बदलीसाहेब कसले! कागदावर उतरलं ते असं:

'१. दुधाची बदली करण्यात येत असून त्याच्या जागी ओट्सचे दूध (भिजवून, फिरवून, गाळून) तात्काळ रुजू होईल.

२. लोण्यास कार्यमुक्त करण्यात येत आहे. त्याचा कार्यभार तेलाने सांभाळावा.

३. सायीचे पद रिक्त. एक वाटी काजू भिजवून वाटावेत. कृ. मा. प.'

'कृ. मा. प.' म्हणजे कृपया मागे पाहावे. कागद संपला होता, म्हणून चौथं कलम मागच्या बाजूला गेलं.

"वाचून दाखवू?" त्यांनी विचारलं.

"नको. तुमची भाषा ऐकली की हात ठणकतो."

शनिवारी सकाळी दहाला वहिनी लेकीला घ्यायला बसस्टँडवर निघाल्या. बदलीसाहेबांना त्यांनी नेलं नाही. बाप-लेक फलाटावरच जुंपले तर एका हाताने सोडवणार कशी, हा प्रश्न होता. "साडेबारापर्यंत येतो," त्या म्हणाल्या. "कागदाप्रमाणे करा. डोकं चालवू नका."

बदलीसाहेबांनी डोकं चालवलं नाही. (पुढे जे झालं ते यामुळेच झालं, हे त्यांचं आजही म्हणणं आहे.) त्यांनी वहिनींचा एप्रन चढवला. कांदा चिरला, बोट थोडं चिरलं, दोन्हीमुळे डोळ्यांत पाणी आलं. तेलाला कार्यभार दिला. बटाटे शिजत टाकले. ओट्स फिरवून इस्त्रीच्या रुमालातून गाळले. रुमाल त्यानंतर रुमाल राहिला नाही, पण दूध रुजू झालं. मग ते तिसऱ्या कलमाकडे वळले. 'एक वाटी काजू भिजवून वाटावेत.'

काजू त्यांनी सात वाजताच भिजवले होते. आता वाटायचे. त्यांनी वर बघून क्षणभर विचार केला आणि त्यांचा ऊर भरून आला. वहिनींच्या मनाचा मोठेपणा त्यांच्या आत्ता लक्षात येत होता. पोरगी वर्षाने घरी येते आहे, तर चार घरांत काहीतरी वाटावं, असं त्या माउलीला वाटलं. कार्यालयात बढती झाली की नाही का आपण काही वाटत! भिजवून का, हे त्यांना कळलं नाही. पण आदेशात 'का' नसतं. शिवाय एक वाटी त्यांना फारच चिक्कूपणाचं वाटलं होतं, म्हणून त्यांनी आणलेलं अख्खं पाकीट भिजवलं होतं.

चार छोट्या वाट्यांत ओले काजू भरून बदलीसाहेब जिन्यात आले. समोरच्या दारात निवृत्त शिक्षिका राहत. त्यांनी दार उघडलं, एप्रन बघितला, वाटी बघितली.

"हे काय?"

"काजू. घ्या ना."

"ओले आहेत."

"भिजवलेत. आमची मुलगी येते आहे आज."

बाईंनी चष्मा वर केला. इतकी वर्षं शाळेत काढलेल्या माणसाला एवढं पुरतं. "अस्सं! म्हणजे ठरलं म्हणायचं! अभिनंदन हो! कुठला मुलगा?"

"मुलगा नाही हो, मुलगीच. एकच आहे आम्हाला," बदलीसाहेब म्हणाले आणि पुढच्या दाराकडे निघाले. गॅसवर बटाटे होते, बोलत बसायला वेळ कुठे होता?

वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरने "मऊ आहेत, उत्तम" म्हणून वाटी आत नेली. घरमालकीणबाईंनी वाटी ठेवून घेतली आणि काजू परत करायच्या बेतात होत्या, पण ते त्यांना चावता येतात असं आढळलं. बाईंची बातमी तळमजल्यापर्यंत आधीच पोचली होती. तिथल्या शिंप्याने मशीन थांबवून तोंडभर हसून विचारलं, "साहेब, तारीख कोणती?"

"आजची. साडेबारा वाजता," बदलीसाहेब म्हणाले.

"आज?" शिंप्याच्या हातातली टेप गळून पडली. "आणि कपड्यांचं मला आत्ता सांगताय?"

बदलीसाहेबांना वाटलं, एप्रनवरून बोलतोय. ते हसले आणि वर आले.

पावणेबारा झाले होते. त्यांनी बटाटे घोटले, ओट्सचं दूध घातलं, मीठ-मिरपूड टाकली आणि चमचाभर तोंडात घेतलं. ते सूप नव्हतं. कपबशी विसळल्यावर उरतं तसलं काहीतरी होतं. आता पुढे काय, म्हणून त्यांनी कागद उलटा केला. मागे त्यांच्याच ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं:

'४. सदर वाटण सायीच्या रिक्त पदी सुपात घालावे. चवीचा सर्व भार यावरच आहे.'

बदलीसाहेबांनी ते तीनदा वाचलं. वाटण. वाटलेले काजू. मिक्सरमध्ये वाटलेले. जिन्यात नव्हे. ते मटकन तिसऱ्या खुर्चीत बसले. जिच्यासाठी सगळा खटाटोप चालला होता, तिचीच ती खुर्ची, म्हणून लगेच उठले.

मग एप्रन सावरत ते पुन्हा चारही दारांत गेले. वाटलेली वस्तू परत मागायला फार मोठं काळीज लागतं आणि ते त्यांच्याजवळ नव्हतं. "जरा मोजायचे राहिले होते," असं ते म्हणाले. शिक्षिकाबाईंनी खाऊन वाटी घासूनसुद्धा ठेवली होती. डॉक्टरने ते दाढ काढलेल्या पेशंटला दिले होते. मालकीणबाई दारच उघडेनात. शिंप्याकडे पाच उरले होते. त्याने ते मोठ्या मनाने परत केले आणि वर म्हणाला, "आज घरात लग्न म्हटल्यावर माणसाचं असं व्हायचंच, साहेब."

घाईत त्यांना हे वाक्य नीट ऐकू आलं नाही. पाच काजू मिक्सरमध्ये घातले, तर ते पात्याखाली जाऊन बसले आणि मिक्सर नुसता ओरडत राहिला.

बारा वाजून दहा मिनिटं. काजूचं दुकान येऊन-जाऊन अर्ध्या तासावर. बदलीसाहेब त्या पांढऱ्या पाण्याकडे बघत उभे होते. त्यांना लख्ख दिसत होतं, लेक एक चमचा घेणार, 'छान आहे' म्हणणार, वाटी बाजूला सारणार आणि संध्याकाळच्या बसने जाणार. ती एकदा अशी गेली की पुन्हा त्या खुर्चीत कधी बसेल, हे कोण सांगणार?

आणि ओट्यावर, हाताच्या अंतरावर, लोण्याची काचेची डबी होती.

त्यांनी आधी नाही म्हटलं. मग एक चमचा घातला. केवळ हंगामी नेमणूक म्हणून. सूप जरा माणसात आलं. मग दुसरा घातला, तिसरा घातला, आणि रवी घेऊन घुसळलं तसं सुपाला अंग आलं, चकाकी आली, घरभर तो जुना वास पसरला. बदलीसाहेबांनी चाखलं. सूप अगदी जसं हवं तसं होतं, आणि त्यांना स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

तेवढ्यात दार वाजलं.

लेक आत आली ती बॅग खांद्यावर तशीच ठेवून. वर्षभरात जरा वाळली होती. बदलीसाहेबांनी "ये" म्हणायला तोंड उघडलं, पण ती आधी बोलली.

"बाबा, माझं लग्न ठरलंय हे मला जिन्यात कळलं. खालचे शिंपीकाका टेप घेऊन मागे लागलेत. म्हणतात, साडेबाराचा मुहूर्त आहे, निदान बाह्यांचं माप तरी द्या."

"लग्न?" बदलीसाहेब म्हणाले. "कुणाचं?"

"तेच विचारतेय मी! समोरच्या बाई म्हणाल्या, तुझ्या बाबांनी काजू वाटले."

"हो, म्हणजे तुझ्या आईनेच सांगितलं होतं."

"मी?" वहिनी मागून म्हणाल्या. "मी कधी सांगितलं?"

बदलीसाहेबांनी कागद पुढे केला. वहिनींनी डाव्या हाताने तो धरला, तिसरं कलम वाचलं, मग नवऱ्याच्या एप्रनकडे बघितलं आणि भिंतीला टेकून त्या जे हसत सुटल्या, ते प्लास्टर पोटाशी धरून हसत राहिल्या. "अहो, वाटायचे म्हणजे मिक्सरवर! दारोदार नव्हे!"

लेकीने हसू येऊ द्यायचं नाही असं ठरवलेलं दिसत होतं. तिने ओठ दाबून धरले. पण ती बॅग खाली ठेवून तिसऱ्या खुर्चीत बसली. बदलीसाहेबांनी सूप वाढलं.

"मग काजू नाहीत तर दाट कशाने झालं?" तिने विचारलं.

"बटाटा," ते म्हणाले. "चांगला जुना बटाटा होता."

लेकीने पहिला चमचा घेतला आणि थांबली. दुसरा घेतला. वाटी संपवली. ती परत पुढे केली. दुसरी वाटी अर्धी झाल्यावर मान खाली घालूनच म्हणाली, "लहानपणीच्यासारखं लागतंय. मला वाटलं होतं, या घरात आता आपल्याला कुणी असं काही करून घालणार नाही."

बदलीसाहेबांना हेच हवं होतं. वर्षभर याचीच वाट बघितली होती. आता गप्प बसले असते तर सगळं गोड झालं असतं. पण तिच्या हातातला चमचा पुन्हा वर जाताना बघून त्यांना राहवेना.

"थांब," ते म्हणाले. "खाऊ नकोस."

लेकीने वर बघितलं.

"त्यात लोणी आहे. मी घातलं. डबीतलं, तीन चमचे. काजू संपले होते, सूप पाणचट झालं होतं, आणि तू उठून जाशील याची मला भीती वाटली. नजरचूक नाही झाली. जाणूनबुजून घातलं. तू एवढ्या विश्वासाने खातेस आणि मी बसून बघतोय." ते एका दमात बोलले आणि मग जे वर्षभर निघत नव्हतं ते निघालं. "चुकलं माझं. आजचंही चुकलं आणि मागच्या वर्षीचंही चुकलं. ते चाऱ्याचं बोलायला नको होतं. मला रोज वाटतं, बोलायला नको होतं."

लेकीने आईकडे बघितलं, आईने लेकीकडे. वहिनी काही सांगायला पुढे वाकल्या, तशी लेकीने टेबलावरून त्यांचा डावा हात धरला.

"थांब गं आई. अजून काही म्हणायचं असेल त्यांना. म्हणू दे की."

"नाही, झालं," बदलीसाहेब म्हणाले. "तू आता जाशील का?"

लेकीने शांतपणे चमचा भरला आणि तोंडात घातला.

"अगं, लोणी आहे त्यात!"

"कुठलं लोणी?" वहिनी म्हणाल्या. "त्या डबीतल्या लोण्याची बदली होऊन आठ महिने झाले. तुमचा रक्ताचा रिपोर्ट आला होता, आठवतं? डॉक्टरांनी लोणी बंद लिहिलं होतं आणि तुम्ही तो कागद खणात इस्त्रीच्या रुमालांखाली लपवला होतात. रुमाल इस्त्री कोण करतं घरात? हिला फोन केला. हिने सांगितलं, तेलापासून करतात तसलं मिळतं, डबीत भरून ठेव, बाबांना कळणार नाही. तेव्हापासून तुम्ही रोज सकाळी डोळे मिटून चाराच खाताय."

बदलीसाहेबांनी डबी उचलून उलटसुलट करून पाहिली. मागच्या महिन्यात दुसरा रिपोर्ट उत्तम आला होता. 'अस्सल लोण्याने शरीर कसं तुकतुकीत राहतं' यावर त्यांनी कार्यालयात अर्धा तास भाषण दिलं होतं.

"मला आदेशाची प्रत मिळायला हवी होती," ते शेवटी म्हणाले.

यावर मात्र लेकीला हसू आवरलं नाही. ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते सगळं हसण्याचं नसावं. संध्याकाळची बस तिने सोडली. रविवारी ती बापाला शेजारी उभं करून काजू वाटायला शिकवत होती, मिक्सरवर, आणि शेजारी चौघांना सांगून आली की लग्न तूर्त पुढे ढकललंय. शिंप्याला फार वाईट वाटलं.

पण बदलीसाहेबांच्या मनात एक सल राहिलाच. हा प्रश्न लोण्याचा नव्हता, तत्त्वाचा होता. सत्तावीस वर्षं बदल्या हाताळणाऱ्या माणसाला स्वतःच्या पावावर झालेली बदली आठ महिने कळू नये? त्यांनी पुढच्या आठवड्यात वहिनींजवळ हट्टच धरला. महिन्यातून एक सकाळ अस्सल लोणी. डॉक्टरांनाही विचारलं, एका दिवसाने काही बिघडत नाही. वहिनी कंटाळून म्हणाल्या, बरं.

अस्सल लोणी आलं. बदलीसाहेबांनी ते भाजलेल्या पावावर कडेपर्यंत पसरलं, पहिला घास घेतला, डोळे मिटले. मग हळूच उघडले. पुन्हा एक घास घेतला, जिभेवर घोळवला आणि डबी वहिनींकडे सरकवली.

"फसवलं तुला दुकानदाराने," ते म्हणाले. "हे नकली आहे."